निमुळती तुळई

डोक्यावर वांग्यांची पाटी, त्यात बाजाराची घाई. जयवंताने काठावरून थेट कालव्याच्या चारीवर टाकलेल्या लाकडावर उडी टाकली… आणि लाकूड कडाडून मोडलं. पाण्यातून वर येते तो काठावर एक अनोळखी माणूस हात पुढं करून उभा.

“पोहता येतं का?”

“मला येतं. वांग्यांना येत न्हाय!”

तो भिमा मिस्त्री. कोऱ्हाळ्याचा, सांगवीला कालव्याच्या दारांचं सुतारकाम करायला आलेला. कपड्यांसकट तो पाण्यात उतरला आणि एकेक वांगं पकडत पार वळणापर्यंत गेला. जयवंता खळखळून हसली. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. स्वतःचं हसू ऐकून तीच दचकली.

चारीपलीकडच्या वस्तीवर ती आणि सासू धोंडाबाई, दोघीच. बोलणार तरी काय? एकीचा नवरा तोच दुसरीचा मुलगा. त्याचं नाव दोघीही घेत नसत. दिवसभर घरात आवाज व्हायचा तो भाकरी थापण्याचा तेवढा.

मोडलेल्या लाकडाच्या जागी चारीवर टाकायची नवी तुळई भिमानेच करायला घेतली. काम सुटलं की तो बाभळीचा ओंडका तासत बसायचा, आणि जयवंताला नेमकं तेव्हाच वांग्यांना पाणी द्यायचं असायचं!

“मिस्त्री, टोकं इतकी बारीक? सगळीकडं सारखी जाड ठेवा की.”

“तितंच फसत्यात सगळी. सारखं जाड लाकूड लवत न्हाय. एकदम वजन आदळलं की सगळा मार मधल्या भागावर. मधी जाड आन् टोकाकडं निमुळतं असलं, की सारं अंग लवतं… धक्का वाटून घेतं.”

“खरं कशावरून?”

भिमाने दोन लहान तुकडे दगडांवर टेकवले, एक सारखा, एक निमुळता. वाळूचं पोतं हळूच ठेवलं, तर दोघांनीही पेललं. मग तेच पोतं कमरेइतक्या उंचीवरून सोडलं. सारखा तुकडा मोडला. निमुळता वाकला आणि पुन्हा सरळ झाला.

आपल्यावर आदळलं तेव्हा वाटून घ्यायला कोण होतं? जयवंताचे डोळे भरून आले. भिमा पोत्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधत राहिला.

तुळई बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारांची पेटी घेऊनच आला.

“इंदापूरला काम लागलंय. धाच्या यष्टीनं निघालो…” तो अडखळला. “आपल्यात म्होतूर चालतं, जयवंताबाई. बाईनं दुसरा संसार केला तर कुणी नावं ठेवत न्हाय. तुमी… याल?”

तिला जायचं होतं. फार जायचं होतं. पण मागं अंगणात धोंडाबाई एकटीच शेंगा फोडत बसली होती.

“मला तुमी आवडता,” जयवंता म्हणाली. “पर न्हाय. आत्याला माझ्याबिगर दुसरं कुणी न्हाय.”

भिमाने पेटी उचलली आणि तो निघाला.

लांब रस्त्यावर यष्टीचा धुरळा उडाला, तशी जयवंता अंगणात येऊन रडू लागली.

“मिस्त्री काय म्हणला?” धोंडाबाईने विचारलं.

जयवंताने सगळं सांगितलं. आपलं उत्तरही सांगितलं. म्हातारीने हातातली शेंग न फोडताच खाली टाकली.

“मला एकदा इचारायचं तरी व्हतंस.”

मग ती उठली. घरात गेली आणि दोन बोचकी बांधून बाहेर आली.

“ऊठ. इंदापूरला दोनची यष्टी हाय.”

“आन् तुमी?”

“हे दुसरं बोचकं कुणाचं मग? तू गेल्यावर मी हितं भिंतींशी बोलू व्हय?”