दोन सनदा आणि एक हिरवी साडी

डोहाळजेवण

नारळ, तांदूळ, फळं, हळदकुंकू, सगळं जमलं होतं. बाळ मात्र काचेच्या पेटीत होतं.

फ्रान्सच्या तुलूझ शहरातल्या त्या रुग्णालयाचा चौथा मजला गर्भपेट्यांचा. प्रवासाच्या बॅगेएवढी एकेक पेटी, आत कोमट खारट द्रव, त्यात तरंगणारा गर्भ. त्याची नाळ यंत्राला जोडलेली. दिवस भरले की पेटी उघडायची. या मजल्यावर जन्माला जन्म म्हणत नसत, उघडणी म्हणत.

शाल्मली गवांदेचं गर्भाशय आजारपणात काढावं लागलं होतं. म्हणून पेटी. बीज तिचं आणि निनादचं, तिच्या नवऱ्याचं. निनाद पाचव्या महिन्यात अपघातात गेला. नगरपालिकेत जाऊन 'हे मूल माझं' अशी सही करायची त्याच्याकडून राहूनच गेली. त्याची आई, इंदुमतीबाई, इचलकरंजीहून आल्या त्या सुनेजवळच राहिल्या.

"आई, मी हिरवी साडी नेसणार नाही," शाल्मली म्हणाली.

"नको नेसूस," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती पेटीला नेसवली. निऱ्यांसकट.

मग त्यांनी सुनेला पाटावर बसवलं आणि तिची ओटी भरली. आलेल्या दोन-चार मराठी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. इंदुमतीबाईंनी कुणाकडेच बघितलं नाही. पेढा आणि बर्फी झाकलेल्या वाट्या त्यांनी नर्स नादेजपुढे धरल्या, "उचल गं एक." नादेजने बर्फी उचलली. बायका हसल्या, आणि तेवढ्यात भोंगा वाजायला लागला.

साडीचा पदर पेटीच्या संवेदकावर आला होता. डॉक्टर मोरेल धावत आले. त्यांनी शाल्मलीला सगळ्यांसमोर असं झापलं की पुढचे कित्येक दिवस ती त्यांच्यासमोर येईना.

दोन फोन

उघडणी जवळ आली तेव्हा रुग्णालयाने विचारलं, जन्मदाखल्यावर आई म्हणून कुणाचं नाव घालायचं?

शाल्मलीने तिथल्या वकिलाला फोन केला.

"आमच्या कायद्यात जी बाळंत होते ती आई," तो म्हणाला. "इथे कुणीच बाळंत होणार नाही. रकाना रिकामा राहील."

"डीएनए चाचणी करा."

"न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय ती करणं गुन्हा आहे. आणि आदेश मिळाला तरी बीज कुणाचं ते कळेल, आई कोण ते नाही. वडील हयात नाहीत. म्हणजे मूल सरकारच्या ताब्यात जाईल. मग तुम्ही दत्तकासाठी अर्ज करा."

"माझंच मूल?"

"नंबर लागला तर."

मग पुण्याच्या वकिलांना.

"अहो, मूल तुमचंच आहे, त्यात वादच नाही," ते म्हणाले. "दूतावासातून त्याचा पासपोर्ट काढून घ्या."

"ते जन्मदाखला मागतात. आईचं नाव असलेला."

"मग तो तिथून आणा."

"तिथून मिळत नाही."

"मिळेल, मिळेल. तिथले वकील कशाला आहेत?"

दोघांनीही बजावलं होतं, ते साडीचं प्रकरण कुठे बोलू नका. बेजबाबदार दिसाल.

मिरज

"मिरजेच्या मुजावरांची मुलगी इथेच कुठेशी वकील आहे," इंदुमतीबाई म्हणाल्या. "तिची आई आणि मी एका शाळेत शिकवायचो."

रेहाना मुजावरकडे दोन सनदा होत्या. एक मुंबईची, एक तुलूझची. कपाटात दोन काळे झगे, दोन तऱ्हेच्या पांढऱ्या पट्ट्या. घरचे तिला चिडवत, एका कोर्टात हरलीस की दुसऱ्यात रडायला जातेस.

तिने सगळं ऐकून घेतलं. "दोघेही वकील बरोबर आहेत," ती म्हणाली. "म्हणूनच तर पंचाईत आहे. दोघं आपापल्या दारात उभं राहून शेजारचं दार उघडं असल्याचं सांगताहेत. दोन्ही घरांत जाऊन कुणी पाहिलेलं नाही."

"मग मुलाचं काय?"

"बाळंतपण सोडून द्या, ते झालेलंच नाही. तुम्ही आईसारखं वागलात का? लोकांदेखत? लपवून नव्हे?"

शाल्मलीने मान खाली घातली. इंदुमतीबाई मात्र म्हणाल्या, "एकदा जरा जास्तच लोकांदेखत झालं, बाळ," आणि त्यांनी साडीची गोष्ट सांगितली, भोंग्यासकट.

रेहाना आधी हसली. मग हसायची थांबली.

"ओटी कुणाची भरली?"

"हिची."

"निनाद गेल्यावर?"

"हो."

रेहाना उठून खिडकीपाशी गेली. फ्रान्सच्या कायद्यात एक जुनी वाट होती. एखादी बाई उघडपणे, सातत्याने आई म्हणून वागली आणि तीन जणांनी नोटरीपुढे तसं सांगितलं, तर नातं वागणुकीवरून धरता येतं. भारताच्या साक्षीच्या कायद्यातही तशीच एक जागा होती. ज्यांना घरातलं ठाऊक असतं ते एखाद्याशी कसे वागले, हा नात्याचा पुरावा. या दोन वाटा एकमेकींना मिळतात हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी दोन्हींवरून चालावं लागत होतं.

"तुम्ही आणि ती नर्स, दोघी झाल्या. तिसरा साक्षीदार हवा," ती म्हणाली. "भोंगा वाजल्यावर कोण आलं होतं म्हणालात?"

साक्ष

नोटरीच्या टेबलाशी रेहाना. भिंतीवरच्या पडद्यावर भारतीय दूतावासातल्या अधिकारी बाई. प्रत्येक प्रश्न रेहाना असा विचारत होती की उत्तर दोन्हीकडे चालावं.

नादेजला तिने विचारलं, "शाल्मली पेटीपाशी कितीदा येत असे?"

"रोज. कामावरून थेट. आधी त्याच्याशी बोलायची, मग डबा खायची."

डॉक्टर मोरेल अवघडून बसले होते. "मी रागावलो होतो. मी म्हणालो, मॅडम, तुमच्या मुलाच्या अंगावरची ती साडी आधी काढा."

"'तुमच्या मुलाच्या' म्हणालात?" नोटरीने विचारलं.

"मग दुसऱ्या कुणाच्या म्हणणार?"

शेवटी इंदुमतीबाई. रेहाना दुभाषी झाली.

"तुम्ही सुनेची ओटी भरलीत. तुमच्याकडे नवरा गेलेल्या बाईची ओटी भरतात का?"

"नाही भरत."

"मग तुम्ही का भरलीत?"

इंदुमतीबाईंनी प्रश्न नीट ऐकला. "ती आई होणार होती. आईची ओटी नाही भरायची तर कुणाची भरायची?"

नोटरीने ते टिपून घेतलं. त्याला त्यात विशेष काही वाटलं नसावं. पडद्यावरच्या अधिकारी बाई इतका वेळ पेन आपटत होत्या, त्यांनी मात्र ते खाली ठेवलं. एका सासूने चार बायकांदेखत काय मोडलं होतं हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. रेहानाने तो प्रश्न त्यांच्यासाठीच राखून ठेवला होता.

"तुमचा दाखला येऊ दे," त्या म्हणाल्या. "आम्ही तो मानू."

"त्यांनी मानलं तर मूल बेवारस ठरत नाही," नोटरी म्हणाला आणि त्याने सही करायला कागद पुढे ओढला.

प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबला होता. दोघांना एका वेळी हलवणारं माणूस लागत होतं, एवढंच.

उघडणी

मुलगी झाली. बर्फी खरी ठरली.

शाल्मलीने तिला छातीशी धरलं. इंदुमतीबाई काचेवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. दाखल्यावर आईच्या रकान्यात नाव होतं.

"पोरी, तुझे उपकार कसे..." त्या रेहानाला म्हणायला लागल्या.

"मी काही केलं नाही, काकू. तुम्ही केलं होतंत. ते कुठे चालतं तेवढं मला ठाऊक होतं."

बाहेर पडताना रेहाना शेजारच्या पेटीपाशी थांबली. तिच्यावर साडी नव्हती, फोटो नव्हता, काहीच नव्हतं. नादेज वाकून द्रवाचं तापमान बघत होती आणि हळू आवाजात कुठल्याशा बाजाराची, महागलेल्या टोमॅटोंची गोष्ट सांगत होती.

"हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही आता," नादेज म्हणाली. "आईबाप वेगळे झाले. वेगवेगळ्या देशांत गेले. दोघंही म्हणतात, दुसऱ्याला विचारा."

"आणि तू कुणाशी बोलत होतीस?"

नादेज ओशाळली. "आवाज ऐकला की ठोके स्थिर राहतात. नियमात आठवड्यातून एकदा बोला म्हटलंय."

"तू?"

"रोज बोलते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येते."

रेहानाने खांद्यावरची बॅग उतरवून खाली ठेवली. पेटीतल्या जिवाने कूस बदलली.

"नादेज," तिने विचारलं, "तुला हे करताना कुणी कुणी पाहिलंय?"