हळदीत न दाखवलेली ओळख

सांगते त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नकाच ठेवू. पण एका मुलीच्या हसण्यानं भिवंडीतले सगळे लूम बंद पडले होते, तेही वीज असताना! खडखड, खडखड, खडखड... आणि एकदम चिडीचूप. शांतीनगरच्या कारागिरांनी खिडकीतून डोकी बाहेर काढली, "क्या हुआ भाई?" म्हणाले. काही झालं नव्हतं. आपली उन्नतीताई हसली होती.

हो, हीच. आतल्या खोलीत नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसलीय ती. म्हणून म्हणते, हळू हसा. नंबर लागेपर्यंत दवाखान्याच्या या बाकावर नुसतं बसून करायचं काय, बायांनो? ऐका.

भातकापणीचे दिवस होते. उन्नती गणेशपुरीकडची गावं करून एसटीनं परत येत होती. मांडीवर निळा डबा, आत रक्ताच्या आणि तपासणीच्या नळ्या. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्यासारख्या, अंगात एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका इतर बायांहून जास्त. तो आधीच कसा पकडावा, दवाखान्याची पायरी न चढता बाईनं घरीच स्वतःचा नमुना घेतला तर चालेल का, याचा शोध इथं चाललाय. उन्नती त्या शोधाचे पाय. गावोगाव हिंडायचं, बायांना समजावायचं, नमुने गोळा करायचे आणि थंडगार ठेवून संध्याकाळच्या आत भिवंडीत आणून पोचवायचे.

त्या दिवशी अंबाडी नाक्यावर एसटीनं जीव सोडला. ऊन असं, की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत सोबत यावं. डब्यातला बर्फ वितळायला लागला. उन्नती डबा उराशी धरून सावली शोधत होती, तेवढ्यात राहनाळच्या गोदामाकडे निघालेला एक टेम्पो तिच्यापाशी थांबला. आत एक सावळा, दाट भुवयांचा आगरी पोरगा. त्याला कल्पेश म्हणू या. गाव विचारू नका.

"काय म्हावरं हाय गो?" त्यानं डब्याकडे बोट दाखवून विचारलं.

"विकायचं नाही."

"मंग नुसतं दाखव तरी. कोलंबी हाय का बोंबील?"

"झाकण उघडून पाहिलंत तर लग्न मोडेल तुमचं."

"झालंच न्हाय, मोडंल कसलं?"

उन्नतीनं ओठ घट्ट मिटले. हसायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"मासे नाहीत," ती म्हणाली. "दवाखान्याचं सामान आहे. बर्फ संपला तर चार गावच्या बायांची मेहनत पाण्यात जाईल."

पुढं त्यानं काय केलं, ते ऐका. टेम्पो तसाच रस्त्यात सोडला, नाक्यावरच्या मासळीवाल्या आजीच्या पाटीखालची बर्फाची अख्खी लादी उचलली आणि आजी शिव्या देत मागं धावतेय तर हा पठ्ठ्या पुढं पळत आला. दगडानं बर्फ फोडला, प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून तिच्या हातात दिला.

"घे. आता तुझ्या बाया थंड ऱ्हातील."

"बाया नाही, नळ्या!"

आणि ती हसली. लूम तेव्हाच बंद पडले. अंबाडीपासून भिवंडीपर्यंत आवाज कसा गेला, हे मला विचारू नका. गेला.

त्यानंतर दर बुधवारी अंबाडी नाक्यावर टेम्पो उभा. लादीवर गोणपाट, गोणपाटावर कल्पेश.

"दर बुधवारी इकडं कुठला माल असतो तुमचा?" ती विचारायची.

"बर्फ."

"कुणासाठी?"

"एक बाई हाय. डबा घेऊन फिरते. दाखवत कायबी न्हाय."

टेम्पोत त्याच्या शेजारी बसून भिवंडी येईपर्यंत ती खूप बोलायची... आणि खूप काही बोलायची नाही. बायकांच्या आजारांचं काम आहे, एवढंच सांगितलं होतं तिनं. त्यानंही पुढं खोदलं नाही. गावात शिरलं की हवेत लूमचा कापूस तरंगायचा, तिच्या केसांत येऊन बसायचा. एकदा सिग्नलला गाडी थांबली असताना त्यानं हात लांब केला आणि तिच्या कानामागचा एक तंतू अलगद उचलला. बोटांत धरून बघत राहिला. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून दमले.

"चला ना," ती म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू दे. चोरी थोडीच केलीय? कापूस उचललाय."

तिला तेव्हा वाटलं, हा सिग्नल हिरवा नाही झाला तरी चालेल.

आता एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नव्हती. या शोधकामात एक रीत आहे. दवाखान्याबाहेर, रस्त्यात, बाजारात, देवळात आपल्यापैकी कोणी दिसली, तर ताईनं आपण होऊन ओळख दाखवायची नाही. आपण हसलो तर ती हसणार. आपण नाही, तर ती आपल्या आरपार बघत निघून जाणार. का ते सांगायला नको. "ही बाई तुला कशी गं ओळखते?" या एका प्रश्नानं आपल्यातल्या कितीजणींची घरं हललीत! उन्नती यात इतकी तयार, की समोरून देवी जरी आली आणि देवीचं नाव या कामाच्या यादीत असलं, तरी तिच्याही आरपार बघेल.

चैत्र सरला. कल्पेशच्या चुलतभावाचं लग्न निघालं.

"हळदीला ये," तो म्हणाला. या वेळी थट्टा नव्हती. "माझी वैनी हाय. आई गेली तवा मी शाळंतबी जात नव्हतो, तिनंच वाढवला मला. दादा कावीळ होऊन गेला, तरी ती घर सोडून गेली न्हाय. तिनं तुला बघितलं... की मंग झालं."

"आणि नाही आवडले तर?"

"तिला माझं सगळं आवडतं. टेम्पोचा भोंगाबी."

आगरी हळद म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगू! मांडवाच्या पलीकडच्या तीन गावांना झोप नव्हती. बेंजोच्या ठेक्यावर खाडीतली भरती थोडी आधी आली म्हणतात. लग्नाची गाणी, आपले धवले, गायला धवलारीण म्हणून मी राहीबाई तिथं होते, म्हणून तर सगळं पाहिलं. उन्नती पोपटी साडीत आली आणि कल्पेशच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला. पाहुण्यांचे पाय भिजले. कोणी रागावलं नाही, सगळे हसले.

"वैनी!" त्यानं आत हाक मारली. "आलीय गो!"

वैनी हळदीची वाटी घेऊन बाहेर आली. त्या घरची पद्धत अशी, की थोरल्या बाईनं पोरीच्या गालाला हळद लावली की पोरगी घरची झाली. पुढं फक्त तारीख काढायची. वैनीनं बोट बुडवलं, मान वर केली... आणि दोघींची नजर भेटली.

आपल्यातलीच होती ती. वज्रेश्वरीला नवस फेडायला जाते असं घरी सांगून, पदर तोंडावर ओढून इथं येणारी. दादा खरा कशानं गेला, हे त्या मांडवात तिला एकटीला माहीत होतं. आणि आता उन्नतीला.

उन्नतीनं विचार केलाच नाही. सवयीनं केलं ते. नजर वैनीच्या आरपार गेली, मान वळली आणि ती बाजूला सरकून मांडवाच्या खांबाकडे बघत उभी राहिली. नमस्कार नाही, हसू नाही. अनोळखी बाईलासुद्धा माणूस नमस्कार करतं, एवढं साधं तिच्या ध्यानात आलं नाही. ओळख लपवायच्या घाईत तिनं सगळंच लपवलं.

वैनीचं पिवळं बोट हवेत तसंच राहिलं.

"बघा," कल्पेशची हौसाआत्या मोठ्यानं म्हणाली. "टाऊनची हाय बाबा. आमची हळद हिच्या गालाला चावंल!"

बायका हसल्या. आता वैनीनं नुसतं "ये गो" म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. पण तिच्या मनात भलतंच आलं. ही पोर या घरात आली तर... कधीतरी, कुणाशी, काही बोलली तर? तिनं बोट पदराला पुसलं आणि ती आत गेली.

कल्पेशनं एकदा आत जाणाऱ्या वैनीकडे पाहिलं, एकदा उन्नतीकडे. मग तो पाहुण्यांना पाणी द्यायला निघून गेला. तेच वाईट झालं.

पुढच्या बुधवारी तो नाक्यावर आला होता. बर्फही आणला होता. पिशव्या डब्यात रचून झाल्यावर त्यानं विचारलं,

"वैनीला ओळखतीस का तू?"

"नाही."

"काय वाईट केलंय तिनं तुझं?"

"काही नाही."

"मंग तिच्याकडं पाठ का फिरवली? आख्ख्या गावासमोर... ती दोन दिवस जेवली न्हाय, उन्नती."

ती डब्यातल्या पिशव्या पुन्हा सरळ करत राहिली.

"कायबी सांग," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "खोटं सांग. चक्कर आली म्हन. ऊन लागलं म्हन. मी मानतो. पन काय तरी सांग गो!"

जिभेच्या टोकावर होतं तिच्या. चक्कर आली होती. तीन शब्द. तो लगेच हसला असता, घरी जाऊन वैनीला समजावलं असतं, मिरवत घेऊन गेला असता तिला. आणि मग? त्या घरात ती बाई रोज हिच्या ताटात भात वाढणार, रोज हिच्या तोंडाकडे बघत घाबरणार. गोळ्या घ्यायला कोपरा शोधणार. आणि एखाद्या महिन्यात दवाखान्यात यायचं सोडून देणार. गोळ्या सोडलेल्या बायांचं काय होतं, ते उन्नतीनं जवळून पाहिलं होतं. त्यांच्या घरी जाऊन पाहिलं होतं.

तिला वाटलं, आपल्याला हा हवाय. खूप हवाय. पण याच्या घरातल्या त्या बाईनं जगायलाही हवंय.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "एवढंच सांगता येईल मला."

"एवढंच?"

"हो."

कल्पेशनं डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून बसवलं. "बर्फ संध्याकाळपर्यंत पुरंल," म्हणाला. मग टेम्पो चालू केला आणि राहनाळच्या रस्त्याला लागला. ती एसटीनं आली. डबा वेळेत पोचला, एकही नळी खराब झाली नाही. कॉम्प्युटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "उन्नती, तुझे नमुने नेहमी कसे गं एवढे चांगले येतात?" ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

तेव्हापासून ती हसते, पण लूम चालूच राहतात. तुम्हीच सांगा, ऐकलंय का हल्ली कोणी बंद पडलेलं?

आता तोंडं पाडू नका. पुढं तर खरी मजा आहे! कल्पेशला गणेशपुरीकडची मुलगी सांगून आली. भाताची शेती, घरची माणसं बरी. त्यानं मुलगी नीट पाहिलीसुद्धा नाही, वैनीला म्हणाला, "तू बोलशील ते." साखरपुडा ठरला. मांडव उभा राहिला, पाहुणे बसले, पेढ्यांची ताटं आली. नवरदेवानं अंगठी हातात घेतली... आणि वैनी उभी राहिली! बेंजो थांबला. सगळ्या भिवंडीचे लूम थांबले, पुन्हा एकदा. कावळ्यांनीसुद्धा चोची मिटल्या. वैनीनं डोक्यावरचा पदर नीट केला, कल्पेशच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि भर मांडवात म्हणाली, "थांब रे बाबा. त्या पोरीनं माझा मान घालवला न्हाय, माझा मान राखला. मी सांगते तुला, तिनं तोंड का फिरवलं ते..."

"खोटं!"

बाकाच्या टोकाला पदर तोंडावर ओढून बसलेली बाई उठून उभी राहिली होती. पदर खाली आला होता, तिला त्याचं भान नव्हतं.

"खोटं हाय, राहीबाय. साखरपुडा झालाच न्हाय अजून. ऐतवारी हाय. आन वैनी... वैनी त्याला कायबी बोलली न्हाय. अजून न्हाय."