तिसरा हात

रविवारी दुपारी डग अंगणातल्या शेडमध्ये गेला तो भावाचं, लॉयडचं, अर्धवट राहिलेलं छोटं लाकडी जहाज पुरं करायला. शनिवारी अल्बनी गावातल्या क्लबात खेळ म्हणून टेबलावर समुद्री लढाई मांडायची होती आणि फ्रेंचांच्या बाजूला एक जहाज कमी पडत होतं.

दोघे भाऊ तीस वर्षं ही वीतभराची लढाऊ गलबतं बनवत आले होते. जूनमध्ये लॉयडची मासेमारीची बोट बंदराबाहेर गेली, ती परत आली नाही. एक फळी सापडली. लॉयड सापडला नाही.

जहाजाला शिडं लावून झाली होती, दोर तेवढे बाकी होते. दोर म्हणजे केसाएवढा काळा दोरा. गाठ मारताना त्याचं दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं, आणि ते काम कायम लॉयडचं. डगनं टोक दातात धरून पाहिलं, चिमट्यात धरून पाहिलं. दोरा निसटायचाच. शेवटी वैतागून सवयीनं तो म्हणाला, "धर रे जरा."

दोरा ताणला गेला.

डगनं मागे वळून पाहिलं. कुणीच नव्हतं. शेडमध्ये डिझेलचा आणि ओल्या जाळ्याचा वास आला होता. मग त्यानं गाठ मारली आणि पुढचा दोरा उचलला.

चार दिवस तो रोज दुपारी तिथं बसला. काम मुद्दाम सावकाश केलं.

"संपलं का?" मर्लनं, त्याच्या बायकोनं, दारातून विचारलं.

"एक गाठ राहिलीय."

"काल पण एकच राहिली होती, डग."

शुक्रवारी मात्र गाठ मारावीच लागली. "सोड आता, लॉयड," तो हळूच म्हणाला. दोरा सैल पडला.

शनिवारी जहाज क्लबात देऊन तो न खेळताच घरी आला. कपाटातला सगळ्यांत मोठा खोका काढला. आत तोफांचे तीन मजले असलेल्या जहाजाचे सुटे भाग होते.

"याला किती दोर लागतात रे?" मर्लनं विचारलं.

"वर्षभर पुरतील इतके." जूननंतर तो पहिल्यांदा हसला.

मंगळवारी ती चहा घेऊन गेली, तेव्हा टेबलावरचं रीळ गरगर फिरत होतं. दोरा डगच्या हातावरून खिडकीबाहेर, कुंपणावरून, उतारावरच्या झुडपांवरून थेट खाडीकडे गेला होता. वाऱ्यातही एक रेघ मारल्यासारखा ताठ.

"डग... हे काय?"

"आज ओढतोय तो," डग कुजबुजला. "ओढू दे ना. ओढतोय तोवर आहे तो."

रिळावरचा शेवटचा वेढा सुटला. दोरा डगच्या मनगटाशी आवळला आणि तो खुर्चीतून अर्धा ओढला गेला. मर्लनं कप टाकला, कात्री घेतली आणि दोरा कापला.

टोक खाली पडलं नाही. ते हवेतून सरळ, सावकाश खिडकीबाहेर निघून गेलं. डग खिडकीशी उभा राहून लहान मुलासारखा रडला. मर्लनं त्याला जवळ घेतलं, मग त्याचा हात उजेडात धरला. मनगटाभोवती दुहेरी वेढ्याची, खलाशी मारतात तशी गाठ होती.

"ही कशाला मारलीस?"

डगनं आधी मनगटाकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे.

"एका हातानं कशी मारीन, मर्ल...?"