शिखरावरचा लाल दिवा

आम्हाला दादाला एवढंच सांगायचं होतं: नदीत उतरू नकोस, शुक्रवारी सकाळी बोट येतेय. त्यासाठी आम्ही बॅटरी पाठीवर घेऊन शिखर चढत होतो.

दादाची मोजणीची तुकडी तिघांची. पुराने पूल नेला आणि ते डोंगरापलीकडे अडकले. हातातल्या वायरलेसचा आवाज डोंगर आडवा आला की संपतो, म्हणून शिखरावर रिपीटर बसवलेला. तो एका बाजूचं ऐकतो आणि तेच जोरात दोन्हीकडे बोलतो. सोमवारी त्यावरून दादा म्हणाला होता, "खायचं संपलंय. गुरुवारी सूर्य मावळेपर्यंत वाट बघतो, मग पोहून येतो." त्यानंतर बॅटरी संपून रिपीटरच मुका झाला. आज गुरुवार!

मी रेडिओ मेकॅनिक, जोडीला खोकणारे वायरमनकाका आणि वहिनी. तिला घरी थांब म्हणायची कोणाची छाती नव्हती.

कड्यावर काकांच्या पायाखालचा दगड सुटला. काका दोरावर लटकले! वहिनीने दोर मनगटाला गुंडाळला आणि धरून ठेवला. काका वर आले, पण तिचं मनगट सोलून निघालं. त्यात तासभर गेला. ऊन उतरायला लागलं तशी आम्ही पावलं रेटली. मला तर वाटत होतं, सगळं हातचं गेलं.

वर पोहोचलो. मी सॅकमधून बॅटरी काढली, दोराचं वेटोळं सॅकवर फेकलं आणि तारा जोडल्या. लाल दिवा लागला! म्हणजे रिपीटर कोणाचं तरी ऐकत होता. पण वहिनीच्या सेटमधून नुसती खरखर. तिने दादाला पुन्हा पुन्हा हाका मारल्या. दिवा विझेना, उत्तर येईना. एकाने बोलायचं बटण दाबून ठेवलं की बाकीच्यांची तोंडं बंद.

"त्यांचा हात बटणावर तसाच राहिलाय," वहिनी म्हणाली. मलाही वाटत होतं, दादा गेला. सूर्य पलीकडच्या कड्याला टेकला.

तेवढ्यात सॅकशेजारी बसताना काका खोकले. तोच खोकला वहिनीच्या सेटमधून आला.

मी सॅककडे धावलो. दोर भिरकावला, आतून माझा सेट ओढला. पायथ्याशी तपासायला चालू केला होता, तो तसाच राहिला होता. वेटोळ्याच्या भाराने त्याचं बटण दाबलं गेलं होतं! अर्धा तास मीच वाट अडवून बसलो होतो. दोर हटला तसं बटण सुटलं. दिवा विझला.

"दादा, उतरू नकोस! सकाळी बोट येतेय!"

मग दिवा पेटला.

"दोघं आहोत," दादाचा आवाज आला. "तिसरा आत्ताच उतरला. वाहून गेला. मघापासून ओरडतोय मी. मध्ये कोण होतं?"

वहिनी रडत होती. काकांनी मान फिरवली. खोटं बोलता आलं असतं.

"मी होतो, दादा."

दिवा विझलेलाच राहिला. मग पुन्हा लागला.

"अंधाराच्या आत खाली उतरा," दादा म्हणाला. "तिचं रडणं ऐकू येतंय. तिला सांभाळून ने."