केसाएवढ्या भोकांचा पत्रा

मुलांनो, जरा डोळे मिटा. विट्याबाहेरच्या माळावर एकटं घर. आत अंधारी खोली, एक खुर्ची, एक काळी डबी. डबीत अवकाश-दुर्बिणीसाठी घडवलेला क्ष-किरणांचा डोळा. त्यावर केसाएवढ्या भोकांचा सोन्याचा पत्रा असायचा.

सकाळी हा डोळा घडवणाऱ्या चंदनाताईंनी डबी उघडली. पत्रा नव्हता.

डोळा उद्या पाठवायचा होता. पत्र्याच्या भोकांतून किरण सोडल्याविना शेवटची चाचणी होणार नव्हती, आणि मग दुर्बिणीत दुसऱ्याच कुणाचा डोळा बसला असता.

घरी दोघंच येत. पत्रा घडवणारे भाऊसो, जन्मभर कोइमतूरला सोनं गाळून गावी परतलेले. आणि त्यांची नात राणी. मुलगा-सून अजून तिकडंच.

"पत्रा तू घेतलास?" ताईंनी राणीला विचारलं.

"न्हाई."

"हात लावलास?"

"बघितला फकस्त."

भाऊसो चहात पडलेली मुंगी आपल्या चिमट्यानं काढत होते. चिमट्याचं एक टोक झिजून आखूड झालेलं.

"पोर हाय, ताई," ते म्हणाले. "मी दुसरा करतो. म्हयना लागंल. तुमाला जायची एवढी घाई कशाची?"

राणीचे डोळे भरले.

डबीतल्या क्ष-किरणांच्या बारीक दिव्यासमोर डोळा कालपासून चालूच होता. पडद्यावरच्या शेवटच्या चित्रात एका सावलीचा धूसर पट्टा दिसत होता, लहान बोट वाटावं असा.

ताईंनी राणीला जवळ घेतलं. "चार फरश्यांच्या सांध्यावर थेंब पडला, तर पाणी चारींवर वाटलं जातं. कुणावर किती, ते बघितलं की थेंब नेमका कुठं पडला ते कळतं. या डोळ्यातही बारीक चौकटी आहेत. प्रत्येक किरणाचा वाटा तसाच मोजू."

चित्र हळूहळू रेखीव झालं. पट्टा दुभंगला. एक पाय लांब, एक आखूड.

"हे बोट नाही, चिमटा आहे," ताई म्हणाल्या. "अंधारात डबीच्या फटीतून कुणीतरी पत्रा ओढला. टोक झिजलेला चिमटा इथं एकच आहे. आणि पत्रा गेल्याचं दुःख न झालेला माणूसही एकच. भाऊसो, का घेतलात?"

भाऊसोंनी खिशातून दोन काचा काढल्या. मधे पत्रा, जसाच्या तसा.

"भट्टी पेटवली हुती. टाकवला न्हाई." ते म्हणाले. "काम संपलं की तुमी पुण्याला जाणार. पोरगी शाळंत. मग मी बोलायचं कुणासंगं?"

ताईंशीही वर्षभर दुसरं कुणी बोललं नव्हतं.

राणीनं आज्जाकडं बघितलं नाही. तिनं काचा घेतल्या, पत्रा अलगद डोळ्यावर बसवला. मग ती एकुलती खुर्ची पडद्यासमोर ओढली, आज्जाचा हात धरून त्याला बसवलं, आणि थेंब फरश्यांवर कसा वाटला जातो ते त्याला पहिल्यापासून सांगू लागली.