हाकेच्या आधीची ओ

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की ठमाबाई पडवीतल्या बाकावर बसून नातीचं काम बघायची. पूर्वी ह्या बाकावरून खाडीपर्यंतचं भात दिसायचं. आता अंजूरला गोदामांचे निळे पत्रे दिसतात आणि त्यांच्यावरून तापलेली हवा थरथरत वर जाते. बांधावरचा शेवटचा पळससुद्धा ट्रकांच्या रस्त्यात गेला. पण नात दिसायची, तेवढं तिला पुरे होतं.

सुकन्यानं टेबलावर सर्किटच्या दोन हिरव्या पट्ट्या मांडल्या होत्या. प्रत्येकीला वायर, छोटी मोटर आणि मोटरीवर भिवंडीच्या निजामपुऱ्यातून आणलेली सुताची रिकामी कांडी. पहिली कांडी फिरली की तिचं बघून दुसरीनं फिरायचं, एवढाच खेळ.

"ह्यावर भिवंडीत खरे लूम, कापडाचे माग चालतात, आजी. आणि हे सॉफ्टवेअर कुणा एकाचं नाही. जगभरची माणसं मिळून लिहितात, कुणीही फुकट वापरावं."

"फुकट हाय, मंग भांडता कशापायी?"

"फुकट आहे म्हणूनच तर सगळ्यांना बोलता येतं!" सुकन्या हसली.

भांडण शब्दांवरून होतं. हुकूम देणाऱ्या मशीनला सगळे मास्टर म्हणायचे आणि ऐकणाऱ्याला स्लेव्ह. हे शब्द काढून लीडर आणि फॉलोअर करावेत, असं सुकन्याचं म्हणणं होतं. गेले कित्येक महिने ती त्यासाठी जगभरातल्या अनोळखी लोकांशी वाद घालत होती. आज शेवटची मीटिंग होती, ती इथल्याच लूमवाल्यांशी.

"स्लेव्ह म्हंजे?" ठमाबाईनं विचारलं.

"गुलाम."

"आमच्याकडं त्याला लग्नगडी म्हणायचे," ठमाबाई म्हणाली आणि तिची नजर पत्र्यांपलीकडे गेली.

तिचं माहेर गणेशपुरीच्या पलीकडचं. चिंतू हा तिच्या बापाचा लग्नगडी. मालकानं लग्न लावून दिलं की गडी, त्याची बायको आणि पुढे पोरंही मालकाच्या घरी राबायची. चिंतूची पोर भागी ठमाच्याच वयाची. सागरगोटे खेळताना दोघी सारख्याच लबाड्या करायच्या. भागीचे केस ठमा विंचरायची आणि आई बघत नाही ना, म्हणून एक डोळा दाराकडे ठेवायची.

भागीची एक खोड होती. हाक मारायच्या आतच ती ओ द्यायची. ठमाच्या नुसतं मनात यावं, तहान लागली, की मागच्या दारातून "आलें गो!" आणि लोटा पुढ्यात. माशी बसू नये म्हणून त्यावर पळसाचं ताजं पान. स्वतः मात्र ती लोट्याला कधी तोंड लावायची नाही. ओंजळीत वरून पाणी घ्यायची, तशी रीतच होती.

"पी गो ह्यातूनच, कोण बघतंय?" ठमा म्हणायची.

"उद्या पिईन," म्हणून भागी हसायची.

मग कायदा आला, लग्नगडी मोकळे झाले. चिंतूचं बिऱ्हाड कुठल्याशा वीटभट्टीवर गेलं आणि परत आलं नाही. भागीचा तो उद्या राहूनच गेला.

"अरे?" सुकन्या टेबलावर वाकली. "ही आधी कशी फिरली?"

पहिली कांडी स्थिर होती. दुसरी फिरून थांबत होती.

सुकन्यानं वायर बदलली. पट्ट्यांची अदलाबदल केली. तरी दुसऱ्या जागेवरची कांडीच आधी फिरली. "शब्द बदलताना कोडमध्ये काहीतरी राहिलंय," ती पुटपुटली. ठमाबाईनं पदर अंगाभोवती घेतला.

लॅपटॉपवर व्हिडिओ मीटिंग सुरू झाली. आजीला ऐकू यावं म्हणून सुकन्यानं आवाज मोठा ठेवला. सगळ्यात जोरात बोलत होता तो निजामपुऱ्याचा कल्पेश. त्याच्या शेडमध्ये हेच सॉफ्टवेअर चालायचं. त्याच्या मागे लूमची खडखड ऐकू येत होती.

"मशीनला वाईट वाटतंय का, सुकन्या? मागच्या वेळी तुम्ही एक नाव बदललं आणि माझे लूम अख्खी शिफ्ट बंद. कारीगर बोलले, भाई, मशीन को क्या हुआ? मी काय सांगू, त्याचं बारसं चाललंय?"

लोक हसले.

"मशीनला नाही रे. वाचणाऱ्या माणसाला वाटतं."

"कोणाला? एक नाव सांग ना."

"भागी," बाकावरून ठमाबाई म्हणाली.

"कोण बोललं? कोण भागी?"

"माझी सोबतीण. तिच्या बापाला ह्योच शब्द होता, बाबा. तिलाही."

मग कल्पेश हळू आवाजात म्हणाला, "ठीक आहे, आजी. शब्दाला माझी ना नाही. पण लूम चालला पाहिजे. सुकन्या, नव्या शब्दांवर आत्ता सगळ्यांसमोर चालवून दाखव. पहिली आधी, दुसरी मागून. क्रम चुकला तर विषय बंद, परत काढायचा नाही."

सुकन्यानं मान हलवली. तिचं बोट पहिल्या पट्टीवरच्या बटनाकडे गेलं.

बोट टेकायच्या आत दुसरी कांडी फिरली.

"उलटं चाललंय!" कुणीतरी म्हणालं.

"एकदा, फक्त एकदा परत," सुकन्या म्हणाली.

ह्या वेळी तिनं हात उचललासुद्धा नव्हता. मनात आणलं होतं, इतकंच. दुसरी कांडी गरगर फिरायला लागली.

ठमाबाई उठली. टेबलाशी येऊन तिनं त्या कांडीवर अलगद हात ठेवला, केस विंचरताना ठेवायची तसा.

"भागे," ती म्हणाली, "घाई नको गो. तुला कुणी हाक मारीत न्हाय. बस जरा."

कांडी थांबली.

सुकन्या आजीकडे बघत राहिली. मग तिनं बटन दाबलं.

पहिली फिरली.

मग, सावकाश, दुसरी.

"चालतंय," कल्पेश म्हणाला. "माझा होकार लिहा."

बाकीचेही हो म्हणाले. सुकन्यानं आजीला कडकडून मिठी मारली आणि लगेच कानाला हेडफोन लावून मूळ कोडमधला जुना शब्द जागोजागचा पुसायला बसली. तिची पाठ आनंदानं डुलत होती.

ठमाबाईच्या घशाला कोरड पडली होती. नातीला कशाला उठवायचं, म्हणून ती बोलली नाही. बाकाकडे वळली.

बाकावर, तिच्या बसायच्या जागेशेजारी, स्वयंपाकघरातला पितळी लोटा होता. त्यावर पळसाचं पान. देठ अजून ओलं होतं.

सुकन्या जागची हलली नव्हती.

ठमाबाईनं पान उचललं. लोटा अर्धा रिकामा होता. काठावर ओठांची ओली खूण होती.