घशातलं उत्तर

ईस्टर नुकताच होऊन गेला होता आणि पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात प्रवासी यायला लागले होते. दिओलिंदा धक्क्यावर उभी राहून एकेकाला लाइफ जॅकेट चढवत होती. बोट तिच्या थोरल्या दिराची, आदेरितोची. तो सुकाणू धरायचा, ती पुढे बसून खडक दाखवायची. हा हत्ती, ही कमान, तो गुडघे टेकलेला पाद्री. पिवळ्या-तांबूस कड्यांकडे बघून लोक आ वासायचे, फोटो काढायचे. तिला त्याचं आता काही वाटत नसे.

पुढची ती जागा पूर्वी तिच्या नवऱ्याची, फिर्मीनोची होती. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात तो गेला. कोळी लोक जिला 'घसा' म्हणतात त्या गुहेत. तोंड अरुंद, आत मात्र देवळाएवढी पोकळी. प्रवाशांना घेऊन दोघे भाऊ आत गेले असताना समुद्र अचानक फुगला, आणि बांबूने खडक ढकलत बोट सांभाळणारा फिर्मीनो पाण्यात पडला. प्रेतसुद्धा मिळालं नाही. त्या संध्याकाळी आदेरितो ओल्या कपड्यांनी तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, "पडला तो सरळ खालीच गेला गं. हाकसुद्धा मारली नाही त्याने. त्रास झाला नाही त्याला."

त्या एका वाक्यावर दिओलिंदा दोन वर्षं जगली होती. मुलीलाही तिने तेच सांगितलं होतं.

त्यानंतर घशात कोणी बोट नेली नाही. पण या हिवाळ्यात पलीकडच्या मोठ्या गुहेची कड कोसळली आणि ती बोटींना बंद झाली.

"आज घशात जाऊ," आदेरितो तिच्याकडे न बघता म्हणाला. "समुद्र बघ कसा निवांत पडलाय. लोक गुहा बघायला येतात, दिओलिंदा. नुसत्या कड्यांवर पोट भरत नाही."

"तुम्हाला चालत असेल तर मला काय, भाऊजी," ती म्हणाली. "भाऊ तुमचाच होता."

बोट आत शिरली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. आत आल्याबरोबर गारवा अंगाला चिकटला. ओल्या दगडाचा, कुजलेल्या शेवाळाचा वास आला. आदेरितोने इंजिन बंद केलं. छताच्या भोकातून उन्हाचा एक पट्टा पाण्यावर पडला होता, त्याच्यापलीकडे काळोख. पाणी आतल्या भिंतीला चाटत होतं, सावकाश, दमल्यासारखं.

"हाक मारून बघा," आदेरितोने प्रवाशांना खुणेने सांगितलं. "गुहा उत्तर देते."

एका जर्मन मुलीने आपलं नाव घेऊन हाक मारली. नाव भिंतीभिंतीवरून फिरून परत आलं. सगळे हसले. मग हसणं विरलं, आणि काळोखातून दुसरा आवाज आला.

"दादा... रस्सी फेक..."

दिओलिंदाचे हात बाकाच्या कडेवर थिजले. तो आवाज तिने कुठेही ओळखला असता. रोज सकाळी कॉफी मागणारा आवाज होता तो.

"दादा, इकडे... रस्सी फेक ना..."

आणि मग त्याच काळोखातून आदेरितोचा आवाज आला, घाईतला, फाटलेला. "थांब जरा. आधी बोट बाहेर काढू दे. माणसं आहेत बोटीत. येतो मी, थांब."

खरा आदेरितो सुकाण्यापाशी तोंड मिटून बसला होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

इंजिनाचा आवाज काळोखात दूर दूर गेला. मग बराच वेळ नुसतं पाणी, आणि धापा. मधूनच पुन्हा तो, आधीपेक्षा बारीक. "दादा... आलास का रे?" पुन्हा पाणी. "आलास का?"

मग काही नाही.

प्रवाशांना त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. त्यांना वाटलं, कपारीत कुठेतरी स्पीकर बसवलाय. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

धक्क्यावर माणसं उतरून गेल्यावर दिओलिंदाने विचारलं, "परत गेला होतात?"

"लाटा होत्या गं..."

"भाऊजी, मी विचारलं, परत गेला होतात?"

आदेरितो जॅकेटं गोळा करत राहिला. "उजाडल्यावर गेलो," तो शेवटी म्हणाला. "बोट फुटली असती तर सगळेच..."

"बरं."

ती रडली नाही. घरी जाऊन तिने मासे भाजले, मुलीला वाढलं. आपलं ताट मात्र तिने तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर रांग लागली होती. बोलणाऱ्या गुहेची बातमी हॉटेलांतून पसरली होती. आदेरितो म्हणाला, "मी पुन्हा तिथे जाणार नाही. हात जोडतो."

"जायचं," दिओलिंदा म्हणाली. "रोज जायचं. तुम्हीच म्हणालात ना, नुसत्या कड्यांवर पोट भरत नाही? तुम्ही सुकाणू धरा. तुमच्याशिवाय कोणी धरायचं नाही."

आणि तो जात राहिला. सबंध उन्हाळा. रोज तेच शब्द, रोज त्याच टाळ्या. पहिल्या पहिल्यांदा ती नवऱ्याचा आवाज ऐकायला जायची. पुढे पुढे ती काळोखाकडे पाठ करून बसू लागली आणि दिराचा चेहरा बघू लागली. तो वाळत चालला होता. एकदा परतताना तो म्हणाला, "मारून टाक ना मला एकदाचं." ती म्हणाली, "मी कशाला? मी तर बाकावर बसलेली असते." त्या रात्री तिला फार चांगली झोप लागली, आणि सकाळी त्या झोपेचीच तिला किळस आली.

सप्टेंबरात गर्दी ओसरली. त्या दिवशी बोटीत थोडीच माणसं होती. पुढच्या बाकावर, दिओलिंदाच्या शेजारी, एक म्हातारी डच बाई होती. घशात शिरल्यावर तिनेच हौसेने हाक मारली. हाक परत आली. दिओलिंदा नेहमीच्या शब्दांची वाट बघत राहिली.

ते आले नाहीत. पाणी जड झाल्यासारखं हललं, आणि आदेरितोचा आवाज आला. धाप लागलेला, तोंडात पाणी भरलेला.

"दिओलिंदा... हात दे... दिओलिंदा, हात दे ना गं..."

तिने झटकन समोर बघितलं. आदेरितो सुकाण्यापाशी होता. कोरडा. त्याची नजर काळोखावर खिळली होती.

"हे कधीचं?" तो कुजबुजला. "असं तर अजून कधी... कधी घडलंच नाही..."

ती कान देऊन ऐकत राहिली. आत एक थेंबसुद्धा पडत नव्हता. तिच्या कानांवर फक्त शांतता येत होती. पण बोटीतली माणसं एकदम दचकली. कोणीतरी तोंडावर हात धरला. आदेरितोने डोळे घट्ट मिटून घेतले, आणि मग घाईघाईने इंजिन चालू केलं. या वेळी कोणी टाळी वाजवली नाही.

धक्क्यावर उतरताना म्हातारीने तिचा दंड धरला. मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये तिने विचारलं, "शेवटी तुमचा आवाज होता ना? त्याला उत्तर देणारा? काय म्हणालात तुम्ही?"

"मला काही ऐकू आलं नाही," दिओलिंदा म्हणाली.

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग दंड सोडून, मागे न बघता निघून गेली.

"भाऊजी, काय ऐकलंत?" दिओलिंदाने विचारलं. "मी काय म्हणाले?"

आदेरितो बोट बांधत होता. गाठ त्याच्या हातातून पुन्हा पुन्हा सुटत होती.

"खरंच ऐकलं नाहीस?" तो म्हणाला.

"नाही. सांगा ना."

त्याने सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्याने बोटीत तिच्याकडे पाठ केली नाही, आणि ती जवळ आली की तो पाण्याच्या कडेपासून एक पाऊल आत सरकून उभा राहायचा.